कान्तूंचा पाय

पालो ब्लांकोत कुणालाही विचारा, कान्तूंचं घर कुठंय. शेंबडं पोरसुद्धा बोट दाखवेल. ग्रेपफ्रूटच्या पॅकिंग शेडमागं, कालव्याच्या काठाला, निळ्या दाराचं. आणि वर हेही सांगेल की त्या एका घरातनं दोन किकर निघाले, म्हणजे अमेरिकन फुटबॉलात चेंडू उंच खांबांमधनं मारायचा एवढंच काम असलेले. टेक्सासच्या पार शेपटीला, मेक्सिकोच्या सीमेवरच्या नदीच्या अलीकडं, ही आमची व्हॅली. इथं अशी गावं आहेत जिथनं फुटबॉलच्या मोठ्या लीगला पाणी पाजणारा पोरगासुद्धा कधी गेला नाही. आणि इथं एका आईच्या पोटी दोन.

थोरला रोहेलिओ, धाकटा एफ्राइन. पाय दोघांचा एकच, असं रोहेलिओ म्हणायचा. 'कान्तूंचा पाय' हा शब्दच त्याचा. बाप्तिस्म्याच्या जेवणात, लासारो न्हाव्याच्या खुर्चीत, शेडमध्ये फोर्कलिफ्टवर बसल्या बसल्या, कुठंही विषय काढा, तो पायावर येणारच. लासारो एकदा म्हणाला होता, ह्याचे केस कापायचे तर डोकं नाही, पाय माझ्याकडं कर म्हणावं लागतं.

पाय सापडला कसा, ती गोष्ट रोहेलिओनं इतक्यांदा सांगितलीय की आता ती गावाचीच झालीय. शाळा सुटली की तो घराकडच्या काठावर उभा राहून सॉकरचा चेंडू कालव्यापार मारायचा. पलीकडं एफ्राइन. त्याचं काम चेंडू परत मारायचं. कालवा चांगला रुंद, दोन्हीकडं बोरू माजलेला. एक दिवस शाळेचे फुटबॉलचे कोच त्रेविन्यो तिथनं चालले होते, गाडी थांबवून बघत राहिले. त्यांच्याकडं रेड्यासारखी दांडगी पोरं होती, पण चेंडू त्या दोन उंच खांबांमधनं मारेल असा एक नव्हता. त्यांनी विचारलं, लांबट चेंडू मारशील का रे. रोहेलिओ म्हणाला, चौकोनी द्या, तोही मारतो.

पहिल्याच सामन्यात किक खांबांमधनं गेली, मागं बँडवाल्यांच्या थोरल्या पितळी भोंग्यावर जाऊन आदळली, आणि रोहेलिओ सॉकरवाले करतात तसा सदरा काढून मैदानभर पळत सुटला. पंचानं पिवळा रुमाल टाकला. टीमला दंड झाला. गाव त्यावर अजून हसतं. रोहेलिओही हसतो, पण शेवटी सांगायला विसरत नाही की किक मोजली गेली होती.

पुढं कॉलेज झालं म्हणण्यापुरतं झालं. पुस्तकांचं आणि त्याचं जमलं नाही, पायाचं जमलं. मोठ्या लीगच्या टीमांनी उन्हाळ्याच्या शिबिराला बोलावलं, सामने सुरू व्हायच्या आधी घरी पाठवलं. मग वसंतातल्या लहान लीगा, कधी छप्पराखालच्या, जिथं चेंडू वर जाऊन दिव्याला लागतो. त्या लीगा आज असतात, उद्या नसतात. शेवटी शेडमधली फोर्कलिफ्ट आली. पण किक सुटली नाही. संध्याकाळी कामावरनं आला की हातात चेंडूंची पिशवी आणि शाळेचं मैदान.

घरी बसलेल्या किकरचं आयुष्य कसं असतं ते दुसऱ्याला सांगून कळायचं नाही. रविवारी सगळा देश सामना बघतो, कोण जिंकतं ते बघतो. घरी बसलेला किकर फक्त चुकतं कोण ते बघतो. कुठंतरी कुणीतरी चुकतोच. सोमवारी त्या टीमचे लोक फोन फिरवतात, आणि मंगळवारी चार-पाच किकर त्या गावच्या मैदानावर ओळीनं उभे. ज्याचा पाय लागला त्याला जागा. बाकीच्यांनी हात मिळवायचे आणि विमान धरायचं. म्हणून रविवारी रोहेलिओचे बूट पिशवीत भरून दाराशी तयार असायचे. असे मंगळवार त्यानं बरेच केले. जागा मिळाली नाही, पण बोलावतात कुणाला? ज्याच्या पायात काही आहे त्यालाच ना.

एका माणसाच्या बाबतीत मात्र त्यानं कधी चूक मागितली नाही. एफ्राइन.

एफ्राइन बोलायला थोडका. थोरल्यानं दोघांचं बोलून टाकल्यावर ह्याला काही उरलंच नसावं. पण पाय असा, की कॉलेजवाल्यांनी घरी येऊन, आमाच्या, म्हणजे आईच्या, हातचं खाऊन त्याला नेलं. तिथनं तो मोठ्या लीगमध्ये गेला तो टिकला. उत्तरेकडं, मोठ्या तलावाच्या काठचं शहर, जिथं ऑक्टोबरातच नाकातनं पाणी येतं. चार वर्षं तो तिथं किक मारत होता आणि चार वर्षं रोहेलिओ इथं सांगत होता की ह्याला चेंडू मारायला शिकवला मी. खोटं नव्हतं ते. काठावर उभं मीच केलं होतं, असं तो म्हणायचा.

रविवारी सामना आपांच्या, म्हणजे बापाच्या, घरी. अंगणात मांस भाजलेलं, आत टीव्ही, आणि शेडमधली निम्मी माणसं जमिनीवर बसलेली. एफ्राइन मैदानावर यायला लागला की घरात त्याचं नाव घ्यायचं नाही, हा नियम. आपा उठून अंगणात जायचे आणि निखारे उगाच हलवायचे. आमा टीव्हीकडं पाठ करून भिंतीवरच्या ग्वादालुपेच्या मातेच्या तसबिरीसमोर उभी राहायची. बघायचा फक्त रोहेलिओ. तो गुडघ्यावर येऊन पडद्याला नाक लावायचा.

त्या साली ऑक्टोबर सरता सरता एफ्राइन चुकायला लागला.

आधी एक, लांबची. कुणी मनावर घेतलं नाही. मग एक जवळची, जी आमानंसुद्धा चपलेनं मारली असती. रोहेलिओला तेव्हाच दिसलं. चेंडूशेजारी टेकायचा डावा पाय फार जवळ पडतोय. तो जवळ पडला की उजव्याला जागा राहत नाही, चेंडू उजवीकडं पळतो. त्यानं टीव्हीला सांगितलं. मग जमलेल्यांना सांगितलं, चटई बाजूला सारून करून दाखवलं. लासारो म्हणाला, हे इथं कशाला सांगतोस, त्याला सांग. पण चुकत्या किकरला हंगाम चालू असताना काही सांगायचं नसतं, हे किकर नसलेल्याला कसं कळावं. जिना उतरणाऱ्या माणसाला पावलांचा विचार करायला लावला तर तो पडतोच.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी एफ्राइन मध्यंतराआधी एक किक चुकला. सामना संपताना परत त्याच्यावर आला. मारली तर जिंकले, नाहीतर हरले. आपा अंगणात गेले. आमानं पाठ केली. समोरच्या कोचनं मुद्दाम वेळ मागून त्याला एकट्याला थंडीत उभं ठेवलं, मन कुरतडावं म्हणून. कॅमेरा त्याच्या तोंडाजवळ नेला होता. तोंडातनं वाफ निघत होती. रोहेलिओनं ते तोंड बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा पडद्यापासनं मागं सरकला.

चेंडू उजव्या खांबाच्या बाहेरनं गेला.

 अंगणातनं आपांनी विचारलं, काय झालं? कुणी उत्तर दिलं नाही म्हणजे काय झालं ते कळलंच. माणसं एकेक करून टोप्या घेऊन निघाली. एरवी जाताना प्रत्येक जण रोहेलिओच्या पाठीवर थाप मारायचा, त्या दिवशी सगळे त्याला वळसा घालून गेले.

सोमवारी शेडमध्ये असताना त्याचा फोन वाजला. एजंट होता. उद्या सकाळी चाचणी, तिकीट पाठवलंय. रोहेलिओनं विचारलं, कुठली टीम. एजंट म्हणाला, ऐक आधी, चिडू नको.

तीच. एफ्राइनची.

टीमवाल्यांना वाटतंय, एजंट सांगत होता, पाय त्याच घरचा आहे, डोकं मात्र ताजं आहे. तूच तर सगळीकडं सांगत असतोस म्हणे, दोघांचा पाय एकच म्हणून. रोहेलिओनं फोर्कलिफ्ट तशीच मध्ये सोडली. वर उचललेल्या पेट्या वरच राहिल्या. मागनं मुकादम शिव्या देत होता, त्या त्याला ऐकू आल्या नाहीत.

चौतीस वर्षं झाली होती त्याला. ह्यापुढं फोन येणार नाही हे तो कुणाजवळ बोलला नव्हता, पण दाराशी बूट ठेवताना हल्ली कंबर धरत होती. हा शेवटचा फोन. आणि तो भावाच्या जागेसाठी.

घरी येऊन त्यानं आपांना सांगितलं. आपा लिंबाच्या झाडाखाली बसून पावटे निवडत होते, मान वर न करता ऐकत राहिले. मग म्हणाले, तू नाही गेलास तर दुसरा कोणी जाईल. गेलास तर तू जाशील. एफ्राइनचं त्यात काय बदलतं?

"तुम्ही जाऊ म्हणताय की नको?"

"मी पंचेचाळीस वर्षं पेट्या भरल्या," आपा म्हणाले. "मला विचारू नको. मला पेट्यांचं विचार."

आमा आत गव्हाच्या तोर्तिया भाजत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं एक चवड कापडात गुंडाळली, त्याच्या हातात दिली, एफ्राइनला दे म्हणाली. मग जरा वेळानं दुसरी गुंडाळली, ही तुझी.

"मी रोज प्रार्थना करते," ती तव्याकडं बघत म्हणाली. "आज काय मागू, तूच सांग. एकाचं नाव घेतलं तर दुसऱ्याचं वाईट मागितल्यासारखं होतं."

 रोहेलिओनं तोर्तियांची गाठोडी घेतली आणि बाहेर जाऊन एफ्राइनला फोन लावला.

"तुला बोलावलं ना?" एफ्राइन म्हणाला. कसा आहेस नाही, काही नाही.

"तुला कोण म्हणालं?"

"कोण कशाला म्हणेल. टीमच्या सामानवाल्यानं सकाळी उद्याच्या चाचणीसाठी जादाचे टॉवेल काढून ठेवले. आणि तू बोलायच्या आधी खाकरलास. तू आयुष्यात कधी खाकरून बोललास?"

रोहेलिओ म्हणाला, मी येत नाही, कळवून टाकतो त्यांना.  एफ्राइन म्हणाला, "नाही आलास तर कोण जाणे कुणाला देतील. ये. आणि हॉटेलात उतरू नको, लोक काय म्हणतील. घरी ये."

अशी तऱ्हा. ज्याची जागा घ्यायला निघाला त्याच्याच घरी रोहेलिओ उतरला, त्याच्याच सोफ्यावर झोपला, आणि मंगळवारी सकाळी त्याच्याच ट्रकमधनं चाचणीला निघाला. एफ्राइन चालवत होता. रस्त्याच्या कडेला बर्फ काळं पडलं होतं. गाडीत आमाच्या तोर्तियांचा वास होता, दोघांनी खाल्ल्या नव्हत्या.

रोहेलिओला राहवलं नाही. तो म्हणाला, तुझा डावा पाय...

"जवळ पडतो. माहितीय," एफ्राइन म्हणाला.

"मग?"

"मग काय. मला माहितीय, पायाला माहीत नाही. रोज सांगतो त्याला. तो हो म्हणतो आणि त्याला हवं तिथं पडतो."

 ज्या एका गोष्टीसाठी रोहेलिओ दोन आठवडे तळमळत होता, की हे एफ्राइनला कळलं तर सुटेल, ती त्याला आधीपासनं कळलेली होती. कळून काही होत नव्हतं.

मैदान जवळ आल्यावर एफ्राइननं ट्रक हळू केला आणि समोर बोट दाखवलं. भिंतीपलीकडं साबणाच्या कारखान्याची चिमणी होती. तो म्हणाला, छपरावरचं निशाण बघू नको, ते खोटं बोलतं. धूर बघ. धूर मैदानाकडं वाकला की खाली वारा उलटा येतो, तलावाकडच्या भिंतीवर आपटून. पोरांना हे माहीत नसतं. मला दोन वर्षं लागली कळायला.

रोहेलिओनं त्याच्याकडं बघितलं. "हे मला का सांगतोस?"

"तुला नाही तर कुणाला सांगू?" एफ्राइन म्हणाला. "चिमणीला?"

तो आत आला नाही. गाडीतळावर ट्रकमध्ये बसून राहिला. आत त्याच्या नावाचं कपाट होतं, पण मंगळवारी जुन्या किकरनं तिकडं फिरकायचं नसतं. कुणी मना करत नाही. फक्त जो तो त्याच्याकडं बघायचं टाळतो.

आत रोहेलिओ धरून चौघं होते. दोघं जुने, रोहेलिओच्या ओळखीचे, कुठल्या कुठल्या मंगळवारी भेटलेले. त्यांनी मिठ्या मारल्या, बायकापोरांची विचारपूस केली, पायाला चोळायचं मलम एकमेकांना दिलं. एकाला अजून ठाऊक नव्हतं की जागा कुणाची आहे. कळल्यावर त्यानं रोहेलिओचा खांदा दाबला आणि दुसरीकडं बघितलं. चौथा ब्रॉडी, पिवळ्या केसांचा, गव्हाच्या मुलखातनं आलेला, ओठावर धड मिशी नाही. तो सगळ्यांना सर म्हणत होता.

किक शिकवणारा कोच आला तसा रोहेलिओ त्याच्याकडं गेला. त्यानं सांगायला सुरुवात केली, की माझ्या भावाचं डोकं बिघडलेलं नाही, फक्त एक पाय बिघडलाय, मला त्याच्याबरोबर थोडे दिवस द्या. कोच वाईट माणूस नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, तू किक मारायला आलायस की नाही, नसशील तर सांग, बाहेर थंडी आहे आणि बाकीचे उभे आहेत.

रोहेलिओ ओळीत जाऊन उभा राहिला.

मंगळवारचा एक अलिखित नियम आहे. दुसरा मारत असताना बघायचं नाही. सगळे पाठ करून उभे राहतात. पण कान कुठं झाकणार? बूट चेंडूला लागला की आवाजावरनंच कळतं चेंडू कुठं गेला. आमा रविवारी पाठ करून उभी राहते तिला काय ऐकू येत असेल, ते त्या दिवशी रोहेलिओला कळलं.

त्याची पाळी आली. समोर चिमणीचा धूर मैदानापासनं दूर वाकला होता. म्हणजे खाली वारा पाठीशी. त्यानं धूर बघितला, श्वास घेतला, आणि मारली.

आता ह्यात बढाई नाही. तिथं असलेल्या कुणालाही विचारा. चेंडू खांबांच्या मधोमध गेला, मग मागची जाळी ओलांडून गेला. पुढची त्याहून लांबनं, तीही गेली. त्याहूनही लांबनं, जिथनं ब्रॉडीची खांबाला लागली होती, तिथनं रोहेलिओची अशी गेली जशी कुणी दोरीनं ओढून नेली. कोचच्या हातातली शिट्टी तोंडाजवळ गेली होती ती तिथंच राहिली. पाठ केलेले दोघं जुने वळून बघायला लागले, नियम मोडून. चौतीस वर्षांचा माणूस गोठलेल्या गवतावर उभा होता आणि त्याच्या पायातनं गरम पाणी धावत होतं. त्या घडीला त्याला एफ्राइन आठवला नाही. कुणाची जागा, कुणाचं कपाट, काही आठवलं नाही. फक्त पाय आठवत होता.

मग कोच म्हणाला, बाजू बदला.

पलीकडच्या खांबांकडं तोंड केलं तसा वारा छातीवर आला. मागं वळून बघितलं तर धूर तसाच मैदानापासनं दूर वाकलेला होता, आणि आता त्याचा अर्थ काय ते त्याला माहीत होतं. माहीत असून त्याचं काय करायचं ते मात्र माहीत नव्हतं. त्यानं तसाच जोर लावला. चेंडू वर गेला, चांगला वर, आणि वर जाऊन दमल्यासारखा थांबला. मग आडव्या दांड्याच्या खाली येऊन पडला. त्यानं आणखी जोर लावला. तो आणखी वर गेला आणि आणखी अलीकडं पडला. वाऱ्याविरुद्ध चेंडू खाली ठेवायचा असतो, नाकासमोर, हे त्याच्या तोंडाला पाठ होतं. पायाला पाठ नव्हतं. पायानं आयुष्यभर वाऱ्याला पाठ देऊनच मारलं होतं. व्हॅलीत वारा कायम आखाताकडनं येतो, वर्षभर, न चुकता, आणि घराकडच्या काठावर तो पाठीशी असतो.

पलीकडच्या काठावर तो तोंडावर असतो. तिथं एफ्राइन उभा असायचा.

ब्रॉडीच्या किकचा आवाज त्यानं पाठ करून ऐकला. ठप्प. आखूड, कोरडा, खालनं सरळ गेलेल्या चेंडूचा. पुन्हा ठप्प. गव्हाच्या मुलखात वारा अडवायला झाडसुद्धा नसतं म्हणतात.

कोचनं हात मिळवला. पहिल्या बाजूनं असं कुणी मारलेलं मी बघितलं नाही, असं म्हणाला, आणि ते त्यानं मनापासनं म्हटलं. मग तो ब्रॉडीला घेऊन आत गेला.

रोहेलिओ ट्रकपाशी आला. एफ्राइन बॉनेटला टेकून उभा होता. गाडीतळावरनं मैदान दिसत नव्हतं, पण भिंतीच्या वर आलेला चेंडू दिसत होता. त्यानं तो आलेला बघितला असणार, आणि नंतर न आलेलाही.  एवढ्यात एफ्राइनचा फोन वाजला. वर ये, आणि डावांची पाठ्यवही घेऊन ये, असा निरोप होता. ही वही मागितली की सगळं संपलं, हे लीगमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

तो वर गेला. खाली आला तेव्हा हातात बुटांची पिशवी होती, तेवढीच. ट्रकमध्ये बसून त्यानं आमाच्या तोर्तिया उघडल्या, एक रोहेलिओला दिली, एक स्वतः घेतली. गार, चिवट झाल्या होत्या. दोघांनी खाल्ल्या आणि दक्षिणेला निघाले.

ते घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती, पण गावानं तिला आपल्या मनासारखं वळण दिलं होतं. लासारोच्या पुतण्याला कुठनं तरी कळलं होतं, की रोहेलिओच्या पहिल्या सगळ्या किक जाळीपार गेल्या, आणि नंतरच्या एकदम दोन्ही पडल्या. जाळीपार मारणाऱ्याच्या दांड्याखाली कशा पडतील? गावानं हिशोब केला आणि उत्तर काढलं. त्यानं मुद्दाम पाडल्या. भावाची जागा घ्यायची नाही म्हणून.

रविवारी अंगण भरून गेलं होतं. नोव्हेंबरातसुद्धा सगळ्यांनी बाह्या वर केल्या होत्या, ऊन होतं. रोहेलिओ आत आला तशी माणसं उठून उभी राहिली. लासारोनं बिअरची बाटली वर केली आणि म्हणाला, आजवर ह्याच्या तोंडची फुशारकी ऐकत आलो, आज पहिल्यांदा हा गप्प आहे आणि आपण बोलायचंय. कान्तूंच्या पायापेक्षा कान्तूंचं काळीज मोठं निघालं. आमानं रोहेलिओचं डोकं खाली ओढून कपाळाचा मुका घेतला.  तिच्या प्रार्थनेचं कोडं सुटलं होतं, असं तिला वाटत होतं.

रोहेलिओनं तोंड उघडलं. आयुष्यभर त्यानं नसलेल्या गोष्टी असल्यासारख्या सांगितल्या होत्या, थोडक्या होत्या त्या मोठ्या करून सांगितल्या होत्या. आणि आता गावानं इतकी मोठी गोष्ट त्याच्या हातात आणून दिली होती, तर ती त्याला घेता येईना आणि खालीही ठेवता येईना. नाही म्हणावं तर आमाचा चेहरा समोर होता. हो म्हणावं तर कोपऱ्यात एफ्राइन बसला होता, आणि भिंतीच्या वर न आलेले चेंडू त्यानं बघितले होते.

"काय रे," लासारोनं एफ्राइनला विचारलं, "तू तिथं होतास. मुद्दाम पाडल्या ना?"

एफ्राइननं घास गिळला. रोहेलिओकडं बघितलं.

"मुद्दामच," तो म्हणाला. "ह्याला चुकायला केवढा जोर लागला असेल."

अंगण हसलं. रोहेलिओही हसल्यासारखं करून मांसाजवळ गेला आणि निखारे हलवत बसला. आपा आधीच तिथं होते. त्यांनी त्याला दुसरी सळई दिली.

आत सामना लागला होता. ब्रॉडी पहिल्यांदा मैदानावर आला तेव्हा आमानं सवयीनं टीव्हीकडं पाठ केली. कुणीतरी म्हणालं, अगं आता कशाला. ती म्हणाली, त्यालाही आई असेलच. किक खांबांमधनं गेली. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी शिवीही दिली नाही.

दुपारी माणसं पांगल्यावर दोघं भाऊ चेंडू घेऊन कालव्यावर गेले. पुलापाशी एफ्राइन सवयीनं पलीकडं निघाला. रोहेलिओनं त्याचा दंड धरला आणि स्वतः पूल ओलांडून गेला. त्या काठावर तो क्वचितच उभा राहिला होता. वारा होताच. बोरू सगळा त्याच्याकडं वाकलेला. घर इथनं लहान दिसत होतं.

एफ्राइननं अलीकडनं मारली. वारा पाठीशी होता, तरी चेंडू उजवीकडं पळाला आणि बोरूत शिरला. डावा पाय जवळ पडला होता. रोहेलिओनं चेंडू शोधून आणला, ठेवला, आणि मान खाली ठेवून, नाकासमोर, सगळं आठवून मारली. चेंडू कालव्याच्या मधोमध पाण्यात पडला आणि तरंगत पुलाकडं निघाला.

"तू लहानपणी म्हणायचास," घराकडच्या काठावरनं एफ्राइन ओरडला, "की त्या बाजूला काही कष्टच नाहीत."

 आपा झाडावरची फळं काढायची जाळीची काठी घेऊन आले, पुलावर वाकले आणि चेंडू येईपर्यंत थांबले.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. दाराशी आता बुटांच्या दोन पिशव्या होत्या. आमानं झाडताना दोन्ही उचलल्या, खालचं झाडून घेतलं, आणि होत्या तिथं परत ठेवल्या.